तू येथे हवा होतास!

इतिहासात लढायांची पाने फार, मैत्रीची थोडी. तसले एक पान मला इंग्लंडच्या संगीतात सापडले. लंडनमध्ये १९६५ साली ‘पिंक फ्लॉइड’ हा वाद्यवृंद उभा राहिला. १९६७ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गाणी सिड बॅरेटची. पुढे त्याचे मन ढासळले; १९६८ साली सोबत्यांनी त्याला वगळले. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ने त्यांना अपार वैभव दिले, पण सिड मनातून जाईना. १९७५ साली त्याच्यावरील दीर्घ गीत ते मुद्रित करीत होते. जूनमध्ये एके दिवशी डोके नि भुवया भादरलेला एक स्थूल गृहस्थ तेथे आला. तो सिडच! सोबत्यांनी त्याला प्रथम ओळखलेच नाही. ध्वनिमुद्रिकेचे नाव? ‘विश यू वेअर हिअर’, म्हणजे तू येथे हवा होतास! सिड २००६ साली वारला. वाचकहो, मित्राची आठवण जपणे सोपे. बदललेला मित्र ओळखणे अवघड.