बेंजो पार्टीचा लोगो मोबाईलच्या गोलात वाचता येतो का?

वसई-विरारमध्ये हळद, लग्न, गणपतीची सुपारी हल्ली बरेचदा मोबाईलवरच ठरते. समोरचा आधी पार्टीचा डीपी बघतो. तो गोल नखाएवढा. त्यात बेंजो, ढोल, स्पीकर, ज्वाळा आणि सगळ्या वादकांचे फोटो कोंबले तर नावच दिसत नाही.

खूण एकच ठेवा. एचएमव्हीच्या तबकडीवर काय होतं? भोंग्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा. चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड यांचं हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं, पण अक्षरओळख नसलेलाही त्यावरून कंपनी ओळखायचा.

नाव जाड देवनागरीत, रंग दोनच. लोगोची काळी-पांढरी झेरॉक्स काढा आणि दहा पावलांवरून वाचून बघा. नेटवरून उचललेलं चित्र नको, शेजारच्या गावातल्या पार्टीकडेही तेच निघतं! डीटीपीवाल्याकडून मूळ कोरल फाईल मागून घ्या, कारण व्हॉट्सॲपवरचा फोटो टेम्पोच्या बॅनरवर फाटतो. लोगोचे हक्क पार्टीला दिले, असं त्याच्या सहीनिशी लिहूनही घ्या.

खरी भांडणं पार्टी फुटल्यावर होतात. नाव कोणाचं? वाजवणारे दोन्हीकडे, गिऱ्हाईक गोंधळात. म्हणून ट्रेडमार्कचा अर्ज करावा. करमणुकीच्या सेवेसाठी वर्ग ४१ लागतो. एका व्यक्तीच्या नावाने ऑनलाईन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज एकट्या मालकाच्या नावाने की सगळ्यांच्या, हे मात्र फी भरायच्या आधीच बसून ठरवा.