‘हम आपके हैं कौन’ : तिकीटबारीचा पुरावा आणि कुटुंबाचे पुनरागमन

एखाद्या राजाच्या दानपत्रातील बिरुदावली वाचताना इतिहासाचा अभ्यासक सावध असतो. ज्याने स्वतःला त्रिसमुद्राधिपती म्हणवून घेतले त्याची सत्ता दोन-चार तालुक्यांपलीकडे नव्हती, असे आढळले तरी त्याला आश्चर्य वाटत नाही. परंतु तोच अभ्यासक चित्रपटाच्या इतिहासाकडे वळला की त्याची ही सावधगिरी कोठे जाते, हे कळत नाही. अमुक चित्रपटाने शंभर कोटींचा गल्ला जमविला, हे विधान तो जमाबंदीच्या कागदासारखे निमूटपणे उतरवून घेतो. वास्तविक व्यापारी जाहिरातीत छापलेला आकडा हाही बिरुदावलीचाच एक प्रकार होय. त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा विचार ५ ऑगस्ट १९९४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटाच्या संदर्भात करावयाचे येथे योजिले आहे. मोठ्या खर्चाचा कौटुंबिक चित्रपट हा प्रकार हिंदी व्यवसायात पुन्हा प्रतिष्ठित झाला तो या चित्रपटापासून, याविषयी फारसा मतभेद नाही.

प्रथम आकड्यांच्या स्वरूपाविषयी. तिकीटबारीवर जमा होणारी एकूण रक्कम, करमणूक कर वजा जाता उरणारी निव्वळ रक्कम आणि त्यातून चित्रपटगृहाचे भाडे गेल्यावर वितरकाच्या हाती पडणारा हिस्सा, या तीन भिन्न गोष्टी आहेत. कराचे प्रमाण राज्याराज्यांत वेगळे असल्यामुळे सारख्याच गल्ल्यातून निर्मात्याकडे पोहोचणारी रक्कम सारखी नसे. लोकप्रिय लेखनात मात्र या तिन्ही रकमा एकमेकींच्या जागी बिनदिक्कत वापरल्या जातात. या चित्रपटाच्या निर्मितिखर्चाचे आकडेही चार कोटींपासून सहा कोटींपर्यंत निरनिराळे दिलेले आढळतात. शंभर कोटींची मजल मारणारा पहिला हिंदी चित्रपट, ही त्याची ख्याती याच पार्श्वभूमीवर वाचावयास हवी.

दुसरी अडचण भूगोलाची आहे, आणि मराठी अभ्यासकाला ती अधिक जाणवावी. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडण्यात आले ते स्वातंत्र्यपूर्व राजकीय नकाशावरून, आणि १९५६ ची राज्यपुनर्रचना व १९६० ची महाराष्ट्राची स्थापना होऊनही व्यवसायाने ते बदलले नाहीत. मुंबई विभागात मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र येतात. विदर्भाचा हिशेब ‘सी. पी. बेरार’मध्ये मांडला जातो. मराठवाडा ‘निझाम’मध्ये मोडतो. ज्या निझामाचे राज्य १९४८ साली संपले त्याच्या नावाने औरंगाबादच्या चित्रपटगृहांचा जमाखर्च पुढे कितीतरी वर्षे चालू राहिला, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. परिणाम असा की ‘महाराष्ट्राने हा चित्रपट कसा स्वीकारला’ या प्रश्नाला तिकीटबारीच्या कागदात थेट उत्तरच नाही. ते तीन ठिकाणांहून गोळा करावे लागते.

आठवडे मोजण्याची जी जुनी पद्धत, रौप्यमहोत्सव व सुवर्णमहोत्सव यांची, तीही निर्दोष नाही. दिवसाचे चारही खेळ भरून चाललेला आठवडा आणि सकाळच्या एका खेळावर तग धरून काढलेला आठवडा या पद्धतीत सारखाच गणला जातो. तरीही आकड्यांपेक्षा आठवडे अधिक विश्वसनीय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण चित्रपट अमुक गृहात चालू होता की नव्हता, हे वृत्तपत्रातील रोजच्या जाहिरातीवरून पडताळता येते. मुंबईतील लिबर्टी या गृहात ‘हम आपके हैं कौन’ शंभराहून अधिक आठवडे चालला.

या चित्रपटाची कथा नवी नव्हती. राजश्री संस्थेनेच १९८२ साली गोविंद मुनीस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘नदिया के पार’ काढला होता आणि त्याचा आधार केशवप्रसाद मिश्र यांची ‘कोहबर की शर्त’ ही कादंबरी होती. थोरल्या भावाचे लग्न होते. धाकटा भाऊ आणि वहिनीची बहीण यांचे प्रेम जमते. वहिनी अकाली मरण पावते. आणि तान्ह्या मुलासाठी त्या बहिणीने थोरल्याशीच लग्न करावे, असे वडीलधारी ठरवितात. सूरज बडजात्या यांनी १९९४ साली हा सांगाडा जवळजवळ तसाच ठेविला. बदलले ते त्यावरचे वस्त्र. पूर्व उत्तर प्रदेशातील खेडे, बैलगाडी आणि मातीचे घर जाऊन तेथे कारखानदाराचा वाडा, मोटारी, पोहण्याचा तलाव आणि सुमारे चौदा गाणी आली. पहिला चित्रपटही यशस्वीच होता. म्हणून दुसऱ्याच्या यशाचे श्रेय केवळ कथेला किंवा कथेतील ‘संस्कारां’ना देता येत नाही, कारण दोन्ही ठिकाणी ते समान आहेत. मग बारा वर्षांत वेगळे काय झाले होते?

याचे उत्तर पडद्यावर शोधण्यापूर्वी चित्रपटगृहात शोधावे लागते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हिडिओ कॅसेटचा प्रसार झाला. मध्यमवर्गीय कुटुंबे, विशेषतः त्यांतील स्त्रिया, थिएटरात जाणे सोडून घरीच चित्रपट पाहू लागली. प्रेक्षक घटल्याने मालकांनी डागडुजी थांबविली. खुर्च्या फाटल्या, पंखे बंद पडले, ध्वनी खरखरू लागला. आणि अशा जागी घरच्या माणसांना घेऊन जावे असे कोणास वाटेना. उरलेल्या तरुण पुरुषवर्गासाठी मारामारीचे चित्रपट निघू लागले व त्यामुळे कुटुंबे आणखी दुरावली. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि गल्लोगल्ली केबल आले. मुंबईत तर डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींनी आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनी रात्री बाहेर पडण्याचीच धास्ती निर्माण केली होती. त्या दिवशी स्फोट झालेल्या ठिकाणांत दादरचे प्लाझा हे चित्रपटगृहही होते. केवळ खर्च वाढवून हा प्रेक्षक परत येत नव्हता, याचा पुरावा एप्रिल १९९३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘रूप की रानी चोरों का राजा’ या अतिखर्चिक चित्रपटाच्या अपयशात पाहावयास मिळतो.

राजश्रीने केलेली योजना या परिस्थितीचे नेमके निदान करणारी होती. ही संस्था १९४७ साली ताराचंद बडजात्या यांनी वितरणासाठी स्थापन केली व निर्मितीकडे ती नंतर वळली. त्यामुळे गृहमालकाचा व्यवहार तिला आतून ठाऊक होता. चित्रपट एकाच वेळी शेकडो गृहांत लावण्याची रूढ पद्धत तिने टाळली. मुंबईत प्रथम तो लिबर्टीत लागला; आणि नंतर ज्या गृहमालकांनी आपल्या वास्तूत सुधारणा करण्याचे मान्य केले त्यांनाच मोजक्या प्रती मिळाल्या. ऑप्टिकल स्टीरिओ ध्वनीची व्यवस्था हे त्या सुधारणेचे एक अंग होते. व्हिडिओ कॅसेट बाजारात आणण्याचे संस्थेने हेतुपुरस्सर लांबविले. प्रती थोड्या असल्याने चोरीची वाट अरुंद झाली, मागणी तुंबून राहिली, आगाऊ आरक्षणाच्या रांगा लागल्या, आणि सुधारलेल्या गृहात चढा दर देण्यास लोक तयार झाले. व्यवसायातील काही जाणत्यांनी आरंभी ‘ही तर लग्नाची चित्रफीत’ अशी संभावना केली होती. सुरुवातीच्या खेळांनंतर दोन गाणी कापण्यात आली, ती पुढे पुन्हा जोडण्यात आली. निर्मात्यांनाही आपल्या प्रेक्षकाचा अंदाज हळूहळूच येत गेला, असा याचा अर्थ आहे.

ही योजना ध्यानात घेतली म्हणजे गल्ल्याचा अर्थ बदलतो. पाच माणसांचे घर पाच तिकिटे काढते, तीही चढ्या दराची, आणि पुष्कळदा एकाहून अधिक वेळा. तेव्हा रक्कम फुगली म्हणून माणसे तितक्या प्रमाणात वाढली असे ठरत नाही. मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चाललेल्या ‘शोले’पेक्षा (१९७५) या चित्रपटाचा प्रेक्षक संख्येने मोठा होता की लहान, हे शंभर कोटींच्या आकड्यावरून सांगताच येणार नाही. प्रेक्षकाचा थर बदलला, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते. ज्याच्या बळावर एकपडदा चित्रपटगृहे कठीण काळात जगली तो पुढच्या रांगांतील स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक या नव्या हिशेबात कडेला पडू लागला. कुटुंबाचे हे पुनरागमन साजरे करणाऱ्या लेखनात त्याची नोंद सहसा सापडत नाही.

येथे ‘माहेरची साडी’ची (१९९१) तुलना उद्बोधक ठरते. विजय कोंडके यांचा हा चित्रपट ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावर आधारलेला होता. खर्च बेताचा, गृहे जुनीच, ध्वनी साधा. तरीही गावोगावच्या स्त्रिया समूहाने आल्या आणि डोळे पुसत बाहेर पडल्या. म्हणजे कौटुंबिक चित्रपटाला प्रेक्षक नव्हता असे नाही. जो प्रेक्षक होता तो गरीब व ग्रामीण होता, आणि त्याच्या अश्रूंना कारण होते : सासरचा छळ. ‘हम आपके हैं कौन’मध्ये सासर छळत नाही. तेथे खलपुरुषच नाही. दुःख येते ते जिन्यावरून पाय घसरल्याने. कुटुंबसंस्थेतील अन्यायाची जागा अपघाताने घेतली, हा फरक प्रस्तुत लेखकास त्या पोहण्याच्या तलावापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रेक्षकांनी याचा काय अर्थ लाविला, याविषयी समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया उबेरॉय यांचा दिल्लीतील प्रेक्षकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास मोलाचा आहे. सर्वांनी मिळून निःसंकोच पाहावा असा ‘स्वच्छ’ चित्रपट, ही त्याची ओळख प्रेक्षकांनीच सांगितली. पडद्यावरचे कुटुंब म्हणजे आपले आहे तसे घर नव्हे, असावे असे वाटणारे घर होय, ही जाणीवही त्यांना होती. प्रेक्षक भोळा असतो असे गृहीत धरून लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये. रुस्तम भरुचा यांनी १९९५ साली याच चित्रपटावर कठोर टीका केली. परंपरेचा उत्सव व वस्तूंचा उपभोग यांची येथे बेमालूम सांगड घातली आहे, हा त्यांच्या टीकेचा रोख. दोन्ही लेखन एकत्र वाचले तर लाभ अधिक; मात्र टीकाकाराला दिसलेले प्रेक्षकाला दिसलेच नाही, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

मराठी प्रेक्षकाची गोष्ट थोडी निराळी असावी. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेचे विभाग पाडताना महाराष्ट्र मध्य विभागात घातला. मामेबहिणीशी लग्न चालणारा आपला प्रदेश या बाबतीत उत्तरेहून भिन्न आहे. दीर आणि वहिनीच्या बहिणीची जी थट्टा उत्तरेकडील लग्नघरात रीत म्हणून रुळली आहे, ती येथे तशी रुळलेली नाही. वराचे जोडे पळविण्याचा खेळ मराठी लग्नांत फोफावला तो या चित्रपटानंतर, ही ऐकीव समजूत असली तरी असंभाव्य नाही. शिवाय ज्या चेहऱ्यांनी हे उत्तरी घर उभे केले त्यांत माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू आणि लक्ष्मीकांत बेर्डे होते. आणि संगीत ‘रामलक्ष्मण’ या नावाने काम करणाऱ्या विजय पाटलांचे होते, ज्यांची कारकीर्द दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’पासून (१९७५) सुरू झाली. पंढरपुरात जन्मलेले आणि मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरलेले मकबूल फिदा हुसेन यांनी हा चित्रपट साठाहून अधिक वेळा पाहिला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. सामान्य प्रेक्षक म्हणून त्यांचे उदाहरण देता येणार नाही. पुनःपुन्हा पाहणाऱ्यांच्या जमातीतील ते सर्वांत नामांकित, इतकेच.

या चित्रपटाला १९९४ चा निकोप मनोरंजनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तेलुगूत तो ‘प्रेमालयम्’ या नावाने गेला. पुढल्याच वर्षी ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला. १९९७ साली दिल्लीच्या साकेत भागात पहिले बहुपडदा गृह उघडले, आणि सुधारलेली जागा, चढा दर व घरचे प्रेक्षक हे लिबर्टीतील समीकरण तेथे स्थायी झाले. राजश्रीनेच १९९९ साली ‘हम साथ साथ हैं’ काढला. तो चालला, पण त्याची चर्चा त्या मानाने झाली नाही. आणि ज्या संस्थेने १९९४ साली कॅसेट बाजारात येऊ न देता प्रेक्षकाला थिएटरात आणले, तिनेच नोव्हेंबर २००६ मध्ये ‘विवाह’ चित्रपटगृहांत लावला त्याच वेळी इंटरनेटवरही उपलब्ध करून दिला.