मेंदूचा हिशेब: हाताच्या यंत्रापासून पुण्यापर्यंत

आपल्या नगर जिल्ह्यात बारावीनंतर 'नीट'चा निकाल लागला, की बऱ्याच घरांत मेंदूसंशोधनाचा विषयही त्याच दिवशी संपतो. डॉक्टर होणार नाही, मग मेंदूशी काय संबंध? या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. तो इतिहास आज थोडक्यात सांगतो.

केंब्रिजच्या ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी १९३९ साली माकूळ या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूच्या आतून विजेचा संदेश टिपला. जाड म्हणजे किती, तर अर्धा ते एक मिलिमीटर. तेवढ्यात युद्ध पेटलं आणि काम थांबलं. (१९४३ साली, नेहरू इथे आपल्या किल्ल्यात कैदेत होते तेव्हा, अमेरिकेत मॅकलक आणि पिट्स यांनी चेतापेशीला तर्कशास्त्राच्या भाषेत बसवणारा निबंध छापला. तो रस्ता पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे गेला. आपला रस्ता वेगळा.)

युद्धानंतर दोघांनी तंतूतून सोडियम आणि पोटॅशियम किती वाहतं ते वेगवेगळं मोजलं, त्यावरून समीकरणं मांडली. आता ती सोडवायची कशी? केंब्रिजचा संगणक नेमका फेरबदलांसाठी बंद. मग हक्सले ब्रुन्स्विगा नावाचं हाताने दांडा फिरवायचं गणकयंत्र घेऊन बसले. संदेशाच्या वेगाचा आकडा अंदाजाने धरायचा, गणित करत जायचं, उत्तर भरकटलं की आकडा बदलून पुन्हा पहिल्यापासून. तंतूतून धावणारा एक संदेश, जो प्रत्यक्षात काही मिलिसेकंदांत संपतो, त्याच्या हिशेबाला सुमारे तीन आठवडे लागले! उत्तर आलं सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२.

माझ्या मते या विषयाची खरी कसोटी इथेच आहे. बटणं पुरेशी असली की कुठलंही प्रारूप कुठल्याही आकड्याला जुळवता येतं. इथे वेग आत घातलेला नव्हता, तो बाहेर आला. १९५२ साली निबंध छापले गेले, १९६३ साली नोबेल मिळालं. तंतूच्या पडद्यातली ती दारं तोवर कुणी पाहिलेलीही नव्हती बरं का.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक संगणक सुरू झाला, १९६२ साली तिथेच ओबेद सिद्दिकींनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. एकच घर, पण चुली दोन. पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचं केंद्र आलं, मात्र त्याचा भर प्रथिनांवर आणि जनुकांवर.

मेंदूचा हिशेब मांडणारी माणसं पुण्यात आली ती २००६ साली आयसर सुरू झाल्यानंतर. तिथल्या सुहिता नाडकर्णींचा २००३ सालचा एक निबंध अपस्माराबद्दल आहे, पण छापला गेला 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये, म्हणजे भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात. पुढे त्यांचं काम दोन चेतापेशींच्या जोडावर, सिनॅप्सवर, एकवटलं.

या जोडाचा एक हिशेब आपणच करून बघू. निरोप पाठवणाऱ्या टोकाची लांबी-रुंदी-उंची अर्धा मायक्रॉन धरा. पेशी शांत असताना तिथे कॅल्शियमचं प्रमाण लिटरला एक कोटीांश मोल. गुणाकार केला तर त्या टोकात मोकळे कॅल्शियम आयन निघतात फक्त सात-आठ! बादलीभर पाण्याची सरासरी काढता येते, सात-आठ आयनांची काढून काय उपयोग? म्हणून संगणकात एकेक रेणू सोडतात आणि तो कुठे जाईल हे प्रत्येक पावलाला फासे टाकून ठरवतात. हजारो वेळा तोच खेळ. त्यातून कळतं, की संदेश येऊनही जोड कधी निरोप पुढे देतो, कधी गप्प बसतो. २०२१ साली नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने त्या टोकातल्या कॅल्शियमच्या साठ्याचा अशा जोडांवर काय परिणाम होतो ते तपासलं.

फासे टाकायला संगणक आहे, पण कुठल्या दारातून किती आयन येतात हे प्रयोगशाळेतच मोजावं लागतं. प्रयोग करणाऱ्याशी पटवून घेता आलं नाही, तर या धंद्यात निभाव लागत नाही.

आयसरची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. तिथे 'नीट'चे गुण विचारत नाहीत. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, जीवशास्त्र या चारही विषयांवर प्रश्न असतात. बारावीला गणित सोडून दिलेली मुलं इथे कोण कोण आहेत? त्यांच्यापासूनच प्रश्न घेऊ.