अंमली पदार्थांच्या गुन्ह्यातील शिक्षेविरुद्ध अपील आणि मोफत वकील (आडुतुरै, कुंभकोणम परिसर)

अंमली पदार्थ कायदा, 1985 (एनडीपीएस) खाली विशेष न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येते. आडुतुरै तंजावूर जिल्ह्यात असल्याने येथील अपील मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाकडे जाते. खटला शेजारच्या मयिलाडुतुरै जिल्ह्यात चालला असेल तर चेन्नईला जावे लागते. घर कोठे आहे हे येथे पाहिले जात नाही.

अपिलाची मुदत 60 दिवस आहे. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. ही नक्कल आरोपीला विनामूल्य मिळते. ती आणि अपिलासाठी मोफत वकील हा कैद्याचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सांगितले आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही, म्हणून दाखल्यासाठी दिवस घालवू नयेत. कैदी आपले अपील तुरुंग अधीक्षकांकडेच देऊ शकतो. मुदत उलटली असल्यास उशिराचे कारण दाखवून विलंबमाफीचा अर्ज जोडावा.

दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास

कलम 31 नुसार दुसऱ्या गुन्ह्याला कमाल शिक्षेच्या दीडपटीपर्यंत शिक्षा होऊ शकते. किमान शिक्षाही दीडपट होते. उदाहरणार्थ, 20 किलोपेक्षा जास्त गांजासाठी एरवी 10 ते 20 वर्षे, तर पुन्हा तोच गुन्हा केल्यास 15 ते 30 वर्षे. परंतु ही वाढ आधीचा गुन्हा तेवढ्याच शिक्षेचा असेल तरच लागू होते. पूर्वी एक किलोपर्यंतच्या गांजासाठी (कमाल एक वर्ष) शिक्षा झाली होती, एवढ्यावर ती लावता येत नाही. शिवाय वाढीव शिक्षा मागायची तर आधीच्या शिक्षेची तारीख व ठिकाण आरोपपत्रात नमूद करावे लागते. अनेक कुटुंबे फक्त दुसऱ्या खटल्याचे कागद घेऊन येतात. पहिल्या निकालाची नक्कलही आणावी, वाढीव शिक्षेचा मुद्दा तिच्यावरच ठरतो.

दोष सिद्ध झाला की नाही हा मुद्दा वेगळा. झडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याचा हक्क सांगितला होता का (कलम 50), नमुने कसे घेतले, हे वकिलाने तपासावे. अधिकाऱ्यासमोर कलम 67 खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तमिळनाडूच्याच प्रकरणात ठरवले आहे.

अपील सुरू असताना सुटका मिळू शकते, पण व्यापारी प्रमाणाच्या मालात कलम 37 च्या कडक अटींमुळे ती अवघड असते. अशी सुटका देण्याचा न्यायालयाचा अधिकार 2000 मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणात मान्य झाला.

वकिलासाठी तुरुंगातील विधी साहाय्य कक्ष, तंजावूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा 15100 या क्रमांकावर संपर्क साधावा. निकाल इंग्रजी वा तमिळमध्ये असल्यास तो समजावून देण्याची विनंती वकिलाला करावी.