कीट्सच्या घराचें बंद दार

रोम शहरांत पियात्सा दि स्पान्या नांवाचा एक प्रसिद्ध चौक आहे. चौकांत नावेच्या आकाराचें एक कारंजें असून, त्याच्या मागून १३५ पायऱ्यांचा प्रशस्त जिना टेकडीवरील चर्चकडे चढत जातो. ह्या जिन्याच्या उजव्या अंगास, पायथ्याला अगदीं लागून, २६ क्रमांकाचें घर उभें आहे. इंग्रज कवि जॉन कीट्स ह्यानें आयुष्याचे शेवटचे तीन महिने ह्याच घरांत काढले, आणि २३ फेब्रुवारी १८२१ रोजीं तेथेंच देह ठेवला. तेव्हां त्याला २५ वर्षें पुरीं होऊन चार महिनेहि झाले नव्हते.

पुढें काव्यप्रेमी मंडळींनीं वर्गणी जमवून १९०६ सालीं हें घर विकत घेतलें, आणि १९०९ सालीं इटलीचे राजे तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल ह्यांच्या उपस्थितींत तें स्मारक म्हणून लोकांस खुलें झालें. कीट्स, शेली, बायरन ह्यांच्या पिढीचीं हस्तलिखितें, चित्रें आणि आठ हजारांहून अधिक ग्रंथ तेथें जपून ठेवले आहेत. तथापि यात्रेकरू येतात ते मुख्यतः चौकावर खिडकी उघडणारी ती लहानशी खोली पाहण्यासाठीं.

मार्च २०२० मध्यें ह्या घराचें दार बंद झालें. कोरोनाच्या साथीमुळें इटलींतील सर्व संग्रहालयें ८ मार्चपासून मिटलीं, आणि दोनच दिवसांनीं सारा देश घरांत कोंडला गेला. पुढील वर्षीं कवीच्या मृत्यूला २०० वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. अशा वेळीं त्याच्याच घराला कुलूप लागावें, ह्याची कोणाहि रसिकास हळहळ वाटणें स्वाभाविक होतें. आरोग्याचे नियम आणि काव्य ह्यांचा काय संबंध, असेंहि कोणाच्या मनांत आलें असेल. परंतु ह्या घराचा इतिहास पाहिला म्हणजे उलटेंच दिसून येतें. ह्या वास्तूची सारी कथाच मुळीं आरोग्याच्या नियमांशीं गुंतलेली आहे.

कीट्स हा स्वतः वैद्यकी शिकलेला होता. लंडनच्या गायज् रुग्णालयांत त्यानें शिक्षण घेतलें होतें आणि १८१६ सालीं त्याला औषधें देण्याचा परवानाहि मिळाला होता. त्याची आई १८१० सालीं वारली. धाकटा भाऊ टॉम १८१८ सालीं क्षयानें गेला, आणि त्याची शुश्रूषा कीट्सनेंच केली. म्हणून फेब्रुवारी १८२० मध्यें खोकल्याबरोबर पहिल्यानें रक्त पडलें, तेव्हां त्या रक्ताच्या रंगावरूनच आपलें मरण त्यानें ओळखलें. इंग्लंडचा हिवाळा सोसणार नाहीं, इटलीच्या उबदार हवेंत जावें, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. सप्टेंबरांत जोसेफ सेव्हर्न ह्या तरुण चित्रकाराच्या सोबतीनें तो 'मरायाह क्राउदर' ह्या लहानशा जहाजावर चढला.

२१ ऑक्टोबरला जहाज नेपल्सच्या बंदरांत पोंचलें. परंतु कोणालाहि किनाऱ्यावर उतरतां येईना. लंडनमध्यें टायफस तापाची सांथ असल्याची वार्ता आल्यामुळें तिकडून आलेल्या जहाजांना क्वारंटीन लावलें होतें. समोर व्हेसूव्हियस पर्वत, निळें पाणी, फळें विकणाऱ्यांच्या होड्या. आणि जहाजाच्या कोंदट खोलींत क्षयानें पोखरलेला कवि, त्याचा मित्र आणि त्याच रोगानें आजारी असलेली आणखी एक तरुणी! असे दहा दिवस गेले. ३१ ऑक्टोबरला, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशीं, कीट्सचा पाय भूमीला लागला. त्याच्या अंगीं जी थोडीफार शक्ति उरली होती, ती ह्या दहा दिवसांनीं हिरावून नेली, असें पुष्कळ चरित्रकारांनीं म्हटलें आहे.

१५ नोव्हेंबरला दोघे मित्र रोमला आले. समोरच राहणारे डॉक्टर जेम्स क्लार्क ह्यांनीं त्यांच्यासाठीं २६ क्रमांकाच्या घरांत बिऱ्हाड पाहून ठेवलें होतें. क्लार्क हे मनानें चांगले होते आणि पुढें व्हिक्टोरिया राणीचे वैद्य म्हणून नांवाजले. परंतु रोगाचें मूळ पोटांत आहे असा त्यांचा प्रथम समज झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यांनीं रोग्याचें रक्त काढलें, आणि दिवसाला एक लहानसा मासा व पावाचा तुकडा एवढ्यावर त्याला ठेवलें. भुकेनें व्याकूळ झालेला कीट्स अन्नासाठीं विनवणी करी, आणि सेव्हर्नचें काळीज तुटे. सेव्हर्ननें त्याच्यासाठीं भाड्यानें पियानो आणला, पुस्तकें वाचून दाखविलीं, स्वयंपाक केला, रात्री जागविल्या. एका रात्रीं तीन वाजतां, स्वतःला झोंप लागूं नये म्हणून त्यानें उशीवर टेकलेला मित्राचा घामेजलेला चेहरा रेखाटला. तें चित्र आज जगप्रसिद्ध आहे.

ह्याच सुमारास घरमालकिणीनें पोलिसांना वर्दी दिली कीं, आपल्या घरांत क्षयाचा रोगी आहे. सेव्हर्नला तिचा अतिशय संताप आला. परंतु कायदाच तसा होता. क्षय हा संसर्गानें पसरतो, अशी दक्षिण युरोपांत जुनी समजूत होती. नेपल्सच्या राज्यानें १७८२ सालीं हुकूम काढून असे रोगी कळविण्याचें बंधन वैद्यांवर घातलें होतें आणि मृत रोग्याच्या वस्तू जाळण्याची आज्ञा केली होती. रोममध्येंहि त्याच धर्तीचे नियम होते. कीट्सचा देह दफनभूमीकडे गेला, आणि मागें त्याच्या खोलींतील सामान जाळण्यांत आलें. भिंती खरवडल्या, दारें, खिडक्या, जमीन, सारें नवें बसविण्यांत आलें. ज्या पलंगावर त्यानें प्राण सोडला, त्याची राखच तेवढी झाली.

इंग्रज वाचकांनीं ह्या प्रकाराला पुष्कळ दिवस अडाणीपणाचा आणि निष्ठुरपणाचा नमुना मानलें. क्षय हा शरीराच्या घडणीचा आणि वंशाचा दोष आहे, तो कोणापासून कोणाला लागत नाहीं, अशी उत्तर युरोपांतील बहुतेक डॉक्टरांची खात्री होती. परंतु २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख ह्यानें बर्लिन येथें क्षयाचे जंतु दाखवून दिले, आणि सारा वादच पालटला. कीट्सनें टॉमची शुश्रूषा बंद खोलींत महिनोन्महिने केली होती, ही गोष्ट आतां निराळ्या अर्थानें वाचावी लागली. विद्वान डॉक्टरांपेक्षां ती घाबरलेली घरमालकीण सत्याच्या अधिक जवळ होती! पलंग जाळणें आवश्यक होतें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. पण त्या खोलींत पुढें राहावयास येणाऱ्या माणसाचा विचार त्या कायद्यानें केला होता, हें नाकबूल करतां येत नाहीं.

महाराष्ट्रास हा पेंच अपरिचित नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, आणि १८९७ च्या आरंभीं साथीचा कायदा झाला. पुण्यांत घरोघर झडत्या झाल्या, माणसें हलविलीं गेलीं, सामान जाळलें गेलें. तो नियम रोगाच्या दृष्टीनें निराधार नव्हता. परंतु सोजिरांकरवीं ज्या रीतीनें तो राबविला गेला, तिनें लोकांचीं मनें होरपळून निघालीं. ह्याच प्लेगनें ७ नोव्हेंबर १९०५ रोजीं हुबळी येथें केशवसुतांना नेलें. इंग्रजी रोमँटिक काव्याचा संस्कार घेऊन ज्यानें मराठींत सुनीत आणलें, तोहि असा सांथीच्या रोगानें अकालींच गेला. आणि १८९७ च्या त्याच कायद्याचा आधार मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें पुन्हा घेतला. नियम खरा असून भागत नाहीं. तो माणुसकीनें अमलांत यावा लागतो, हाच धडा पुण्यानें दिला आणि रोमनेंहि दिला.

मग आज ह्या घरांत पाहण्यासारखें काय उरलें आहे? खोलींतील पलंग त्या काळच्या धर्तीचा आहे, परंतु तो कीट्सचा नव्हे. खरें उरलें आहे तें छत, ज्यावर रंगविलेलीं फुलें आहेत, आणि भिंतींतील शेगडी. उताण्या पडलेल्या रोग्याची दृष्टि ह्याच फुलांवर खिळत असे. ह्याखेरीज जें कांहीं आहे, तें माणसांनीं मागाहून प्रेमानें गोळा केलेलें आहे. आणि त्यांनीं तें सांभाळलेंहि तितक्याच चिकाटीनें. दुसऱ्या महायुद्धांत, डिसेंबर १९४२ मध्यें, घरांतील मोलाच्या वस्तू दोन पेट्यांत भरून, वर कांहींहि न लिहितां, माँते कासिनोच्या मठांत लपविण्यांत आल्या. ऑक्टोबर १९४३ मध्यें मठाच्या एका साधूनें त्या आपल्या खाजगी सामानांत मिसळून बाहेर काढल्या. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं तो मठ बाँबफेकीनें जमीनदोस्त झाला.

आगींतून आणि युद्धांतून निभावलेल्या ह्या घराला कांहीं आठवड्यांचें कुलूप मोठें नव्हतें. १८ मे २०२० पासून इटलींतील संग्रहालयांना दारें उघडण्याची मुभा मिळाली; नोव्हेंबरांत तीं पुन्हा मिटावीं लागलीं. फेब्रुवारी १८२१ च्या त्या मृत्यूची द्विशताब्दी साथीच्या छायेंतच आली. रोमला जाणें शक्य नव्हतें, तेव्हां स्मृतीचे कार्यक्रम पडद्यावरून घरोघरीं पोंचले, आणि ज्यांनीं ते पाहिले त्यांतील पुष्कळ जण त्या दिवसांत स्वतःच आपापल्या खोलींत कोंडलेले होते. जहाजावरील दहा दिवस किंवा चौकावरील ती एक खिडकी म्हणजे काय, हें त्यांना कोणीं समजावून सांगावयास नको होतें.

स्मारकाचा खरा अर्थ कदाचित् अशा वेळींच कळतो. कवीचा पलंग जाळला, तरी त्याचा शब्द जळला नाहीं. दार मिटलें, तरी त्याचा वाचक दुरावला नाहीं. उलट, जिवंत माणसासाठीं मृताची वस्तु सोडावी लागली तर ती सोडावी, एवढें मोठें मन स्मृतिपूजेलाहि असावें लागतें. ह्या कथेंत सर्वांत मोठें मन होतें तें सेव्हर्नचें. ज्या रोग्याच्या वस्तूंना शहर भीत होतें, त्या रोग्याला हातांत धरून तो शेवटपर्यंत बसला. त्याला स्वतःला तो रोग बाधला नाहीं. १८७९ सालीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, तो रोममध्येंच वारला, आणि पुढें त्याला कीट्सच्या शेजारीं विसावा देण्यांत आला. कीट्सच्या थडग्यावर, त्याच्याच इच्छेप्रमाणें, त्याचें नांव नाहीं. सेव्हर्नच्या दगडावर मात्र तो कीट्सचा मित्र होता, असें कोरलेलें आहे. आणि तें थडगें कोणाचें, हें येणाऱ्या जाणाऱ्याला त्या शेजारच्या दगडावरून कळतें.