चोवीस फ्रेम्सची सवय: व्हिडिओ सिनेमासारखा कसा दिसू लागला

१९९० च्या दशकातली लग्नाची एखादी व्हिडिओ कॅसेट आठवा. त्याच मांडवात कुणी सिनेमातलं लग्न चित्रित केलं असतं, तर दोन्हीतला फरक पोरानंसुद्धा ओळखला असता. कशावरून? ‘फिल्म जास्त स्पष्ट असते’, असं आपण पटकन म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच.

पहिली गोष्ट वेगाची. मूकपटांच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत, त्यामुळे वेग कमीजास्त व्हायचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले. आता वेग हलला की आवाजही हलणार! म्हणून सेकंदाला २४ फ्रेम्स ठरल्या. त्यामागे सौंदर्यशास्त्र नव्हतं बरं का. आवाज बरा यावा आणि महागडी फिल्म फार खर्ची पडू नये, अशी ती तडजोड होती. व्हिडिओ आला टेलिव्हिजनच्या घरातून. आपल्याकडच्या पद्धतीत तो सेकंदाला ५० अर्ध्या प्रतिमा टिपायचा, एकाआड एक ओळींच्या. हालचाल जास्त सफाईदार दिसायची. पण आपल्या डोळ्यांना त्या सफाईची ओळख बातम्या आणि क्रिकेटमुळे झालेली. म्हणून २४ म्हणजे ‘गोष्ट’ आणि ५० म्हणजे ‘आत्ता घडतंय ते’, असं डोक्यात पक्कं बसलं.

दुसरी गोष्ट धूसरपणाची. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट साधारण २२ मिलिमीटर रुंद. हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा सेन्सर ५ मिलिमीटरसुद्धा नाही. सेन्सर इतका लहान की नायिकेचा चेहरा आणि मागच्या मांडणीवरचे डबे, सगळंच सारखं ठळक. आणि तिसरी गोष्ट उजेडाची: फिल्मवर खिडकीतला उजेड हळूहळू विरतो, व्हिडिओत तो एकदम पांढराफटक होतो.

आता २००२ सालाकडे येऊ. त्या वर्षी जॉर्ज लुकस यांचा ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ आला. तो सोनीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, सेकंदाला २४ पूर्ण फ्रेम्स टिपून केलेला. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स१०० आला. सेन्सर छोटाच, पण २४ फ्रेम्स, आणि किंमत छोट्या निर्मात्याच्या आवाक्यात. हे महत्त्वाचं का? कारण फिल्म आणि लॅबचा खर्च ज्याला झेपत नव्हता, त्याची गोष्ट कितीही चांगली असो, ‘हे तर व्हिडिओवर केलंय’ या एका वाक्यात ती बाहेर पडायची.

२००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क टू आला. हा मुळात फोटोंचा कॅमेरा, पण सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. हवा तेवढा धूसरपणा मिळाला! मात्र व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम्सचा. लोक कंपनीकडे काय मागत होते? कमी फ्रेम्स! २०१० मध्ये कंपनीनं २४ ची सोय दिली. त्याच वर्षी आरी कंपनीचा अलेक्सा आला आणि उजेड हळुवार विरण्याचा प्रश्नही बराचसा सुटला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्मचं रूप व्हिडिओनं उचललं आणि फिल्मचाच धंदा बसत गेला.

२०१२ च्याच अखेरीस पीटर जॅक्सन यांचा ‘द हॉबिट’ काही ठिकाणी ४८ फ्रेम्सनं दाखवला. तांत्रिकदृष्ट्या चित्र सरस होतं. तरी कित्येक प्रेक्षकांची तक्रार एकच: हे टीव्हीसारखं दिसतंय.

म्हणजे बघा, आपण ज्याला ‘सिनेमाचं रूप’ म्हणतो, त्यात फिल्मच्या मर्यादांचा वाटा मोठा आहे. शंभरेक वर्षं बघून त्यांची आपल्याला सवय झाली.

शेवटी पुन्हा २००२. डॅनी बॉइल यांचा ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ कॅननच्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर केला गेला. ओसाड लंडनची दृश्यं पहाटे, रस्ते थोडाच वेळ रिकामे मिळत असताना घ्यायची होती. तिथे चटकन मांडता येणारे कॅमेरेच उपयोगी. छायालेखक अँथनी डॉड मँटल. चित्र खरखरीत, आणि उद्ध्वस्त जगाला ते शोभतं. पण शेवटचा प्रसंग, जिथे आशा दिसते, तो मात्र ३५ मिलिमीटर फिल्मवर घेतला. व्हिडिओला फिल्मचा मुखवटा न चढवता दोघांमधला फरकच त्यांनी गोष्ट सांगायला वापरला. हातात कुठलाही कॅमेरा असो, हे ज्याला उमगलं त्याचं चित्र सिनेमा होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.