‘व्हायरल’ या विशेषणाचे दोन अर्थ : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

परभाषेतील शब्द रूढ होतो तेव्हा पूर्वीचे कोणते भेद त्याने पुसले, हे पाहणे शब्देतिहासाच्या अभ्यासकास उद्बोधक ठरते. ‘व्हायरल’ हे इंग्रजी विशेषण मराठीत दोन वाटांनी आले : एक दवाखान्यातून, दुसरी इंटरनेटवरून. चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत हे दोन्ही अर्थ जिवाशी येतात. म्हणून त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

लॅटिन ‘व्हायरस’ म्हणजे विष. संस्कृत ‘विष’ हा त्याचाच सगोत्र शब्द होय. तंबाखूच्या पानांवरील रोगाचे कारण सूक्ष्म गाळणीतूनही पार होते, हे इवानोव्हस्की याने १८९२ मध्ये दाखविले. १८९८ मध्ये बायेरिंकने त्या कारणास ‘व्हायरस’ म्हटले. मराठी परिभाषेने ‘विषाणू’ हा शब्द स्वीकारला, तेव्हा जुने नाते पुन्हा जुळले. पुढे १९९४ मध्ये डग्लस रशकॉफ यांनी ‘मीडिया व्हायरस’ या ग्रंथात माध्यमांतील प्रसारास हीच उपमा लावली. अशा रीतीने रोगवाचक शब्द प्रसारवाचक झाला.

प्रथम रोगाकडे वळू. गडचिरोलीचा जुना शत्रू हिवताप. तो विषाणूजन्य नव्हे. त्याचा परजीवी लाव्हरां याने १८८० मध्ये रक्तात पाहिला, आणि डासांशी असलेला त्याचा संबंध रोनाल्ड रॉस याने १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे उघड केला. परंतु पहिल्या एकदोन दिवसांत सारे ताप सारखेच दिसतात. भेद कळतो तो रक्त तपासल्यावरच. फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत गेला तर थोड्या अवधीत मृत्यू ओढवतो. अशा प्रदेशात “व्हायरल असेल, उतरेल आपोआप” हे वाक्य निदान नसून निदानाची टाळाटाळ ठरते. ‘हिवताप’ हा शब्द हुडहुडीची खूण सांगून रक्ततपासणीची आठवण देतो. ‘व्हायरल’ मात्र कारण आधीच कळल्याचा आभास निर्माण करतो.

वार्तेच्या क्षेत्रातही हेच घडले. मराठीत कंडी पिकते, वावडी उठते, बोभाटा होतो. पहिल्या दोहोंत बातमीच्या सत्यतेविषयी संशय आहे, तिसऱ्यात बदनामी. ‘व्हायरल झाले’ या प्रयोगात केवळ प्रसाराचे मोजमाप उरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेपायी पाच निरपराध भिक्षेकऱ्यांची हत्या झाली. ती अफवाही ‘व्हायरल’च होती. सप्टेंबर २०२४ मध्ये गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात तापाने दगावलेल्या आपल्या दोन मुलांचे देह खांद्यावर घेऊन चिखलवाटेने निघालेल्या आईबापांची चित्रफीतही ‘व्हायरल’ झाली. ती मात्र खरी होती. एकाच विशेषणाने असत्य आणि सत्य दोन्ही झाकले. शिवाय रुग्णवाहिका का नव्हती, ही चर्चा राज्यभर झाली; ताप कोणता होता, हा प्रश्न तितका दूर गेला नाही.

तात्पर्य, दोन्ही अर्थांत हे विशेषण एका चौकशीची जागा घेते : तेथे रक्ताच्या, येथे वार्तेच्या. उद्या या जिल्ह्यांच्या आरोग्याचा इतिहास लिहिणाऱ्यास कागदपत्रांत ‘व्हायरल’ हा शब्द वारंवार भेटेल. त्याने तो पुरावा न मानता, तपासणी कोणी केली व केव्हा केली, हे आधी विचारावे.